जास्त सीपी म्हणजे सरस पोकेमॉन? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पावसाळा सुरू झाल्यापासून मुंबईतल्या ‘पोकेमॉन गो’ हा पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडण्याचा मोबाइल खेळ खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: ज्याचा सीपी (पडद्यावर दिसणारा लढाऊ ताकदीचा आकडा) जास्त तोच पोकेमॉन सरस, चेंडूची ‘एक्सलंट’ फेक आणि गोल्डन रॅझ बेरी (पकडणे सोपे करणारे फळ) वापरली की छुपे अंक चांगले येतात, पॉवर-अपने (पोकेमॉनला बळ देऊन) ते आणखी वाढतात, चार ताऱ्यांचा (सर्व छुपे अंक पूर्ण असलेला) पोकेमॉन ट्रेडमध्ये (अदलाबदलीत) दिला तर मित्राला तो तसाच मिळतो, आणि तीन ताऱ्यांखालचे सगळे डोळे झाकून ट्रान्सफर करावेत, म्हणजे कायमचे देऊन टाकावेत. ट्रान्सफर केलेला पोकेमॉन परत मिळत नाही आणि नव्याने खेळू लागलेली मुले हा संदेश प्रमाण मानून आपला साठा रिकामा करत आहेत, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

पहिला दावा सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट आहे. प्रत्येक पोकेमॉनला अटॅक, डिफेन्स आणि एचपी (मार सोसण्याची जीवनशक्ती) यांचे ० ते १५ असे तीन छुपे अंक मिळतात, ज्यांना खेळाडू आयव्ही म्हणतात. ते प्रजातीच्या ठरलेल्या मूळ अंकांत मिळवायचे, मग अटॅकच्या बेरजेला डिफेन्स आणि एचपी यांच्या बेरजांच्या वर्गमुळांनी गुणायचे, त्याला लेव्हलनुसार ठरलेल्या गुणकाच्या वर्गाने गुणायचे आणि १० ने भागून अपूर्णांक सोडून द्यायचा, की पडद्यावर दिसणारा सीपी मिळतो. म्हणजे सीपीत प्रजाती, लेव्हल आणि आयव्ही या तिन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्यांत आयव्हीचा वाटा सर्वांत लहान असतो.

मॅचॉप या पोकेमॉनचेच उदाहरण घेऊ. त्याचे मूळ अंक अटॅक १३७, डिफेन्स ८२ आणि एचपी १७२ आहेत. लेव्हल २० चा गुणक ०.५९७४ आणि लेव्हल ३० चा ०.७३१७ आहे. शिवाजी पार्कात एखाद्याला लेव्हल ३० चा मॅचॉप मिळाला आणि त्याचे तिन्ही छुपे अंक शून्य असले, तरी त्याचा सीपी ८७१ भरतो. शेजारच्या बाकावरच्या मुलीला लेव्हल २० चा, पण तिन्ही अंक १५ असलेला मॅचॉप मिळाला, तर तिच्या पडद्यावर ७३० दिसतात. संदेश खरा मानला तर ती आपला सर्वोत्तम मॅचॉप ट्रान्सफर करील. लेव्हल ओळखण्याची खूण मात्र समोरच असते: पहिल्याच्या पुढच्या पॉवर-अपला ५००० स्टारडस्ट (त्यासाठी खर्च होणारी खेळातली सामग्री) लागते, दुसऱ्याच्या २५००. शिवाय २०१९ पासून अप्रेझलमध्ये (खेळातच होणाऱ्या, तारे देणाऱ्या मूल्यांकनात) तिन्ही अंकांच्या पट्ट्याच दिसतात. प्रत्येक पट्टीचे पाच-पाच अंकांचे तीन भाग असतात आणि ती नीट मोजली तर नेमका अंक वाचता येतो, त्यामुळे पासवर्ड मागणाऱ्या कोणत्याही परक्या अ‍ॅपची यासाठी गरज नाही.

सीपीवरून थेट अंदाज बांधणे योग्य ठरते ते साध्या रेडमध्ये (खेळाडूंनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनला हरवून मग पकडण्याच्या लढतीत), कारण तिथे लेव्हल २० ठरलेली असते (हवामान अनुकूल असेल तर २५) आणि कोणताही अंक १० च्या खाली जात नाही. म्हणून लेव्हल २० चा म्यूटू हा पोकेमॉन २२९४ ते २३८७ याच टप्प्यात येतो, आणि २३८७ दिसले की तो १५-१५-१५ आहे हे चेंडू टाकण्यापूर्वीच कळते. बहुधा रेडमधला हा अनुभव सरसकट सगळीकडे लावल्यामुळेच हा समज पसरला असावा.

फेक आणि बेरीचा दावा याच गणिताने कोसळतो. सीपी आयव्हीवरून निघतो आणि तो पहिला चेंडू टाकण्याआधीच पोकेमॉनच्या डोक्यावर लिहिलेला असतो. पकडल्यानंतर तो आकडा बदलत नाही. फेक आणि बेरी पकडले जाण्याची शक्यता वाढवतात, आयव्हीवर त्यांचा काही परिणाम नाही. हवामानाचा परिणाम मात्र खरा आहे, आणि संदेशात नेमका त्याचाच उल्लेख नाही. पाऊस पडत असताना वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग प्रकारचे, तर ढगाळ हवेत मॅचॉपसारखे फायटिंग प्रकारचे जंगली पोकेमॉन पाच लेव्हल वर येतात आणि त्यांचे अंक ४ च्या खाली नसतात. त्यामुळे पूर्ण १५-१५-१५ मिळण्याची शक्यता ४०९६ त एक असते ती १७२८ त एक होते. मुंबईकरांना जुलै-ऑगस्टमध्ये याहून मोठा फायदा कुठला हवा?

पॉवर-अपने फक्त लेव्हल वाढते. मूळ मालिकेतल्या खेळांत लढायांतून मिळणारे वेगळे गुण असतात आणि ते सरावाने वाढतात, पण ‘गो’मध्ये ती व्यवस्था नाही. इथे आयव्ही बदलण्याचे मार्ग मोजके आहेत: शॅडो (‘टीम रॉकेट’कडून सोडवलेला) पोकेमॉन प्युरिफाय म्हणजे शुद्ध केला तर प्रत्येक अंकात २ ची भर पडते, अलीकडे आलेल्या बॉटल कॅप या वस्तूने अंक वाढवता येतात, आणि ट्रेडमध्ये अंक नव्याने पडतात.

ट्रेडच्या दाव्याने तर मैत्रीत वितुष्ट यावे. बेस्ट फ्रेंडशी (खेळातल्या मैत्रीची वरची पातळी गाठलेल्या मित्राशी) ट्रेड केला तरी नव्या अंकांची हमी फक्त किमान ५ ची असते, म्हणजे तिन्ही १५ येण्याची शक्यता १३३१ त एक. लकी ट्रेडमध्ये (नशिबाने घडणाऱ्या खास अदलाबदलीत) किमान १२ मिळतात आणि शक्यता ६४ त एक होते. म्हणून चार ताऱ्यांचा पोकेमॉन कोणालाही ट्रेडमध्ये देऊ नये. द्यायचा तो कमी ताऱ्यांचा द्यावा.

शेवटचा दावा सर्वांत घातक आहे. ग्रेट लीगमध्ये (खेळाडूंच्या आपसातल्या लढतींच्या एका गटात) सीपीची मर्यादा १५०० आहे आणि सूत्रात अटॅक पूर्ण मोजला जातो, तर डिफेन्स आणि एचपी केवळ वर्गमुळाने. साहजिकच कमी अटॅकचा पोकेमॉन त्याच मर्यादेत अधिक लेव्हल चढू शकतो. १५-१५-१५ चा अझुमारिल हा पोकेमॉन लेव्हल ३६ ला १४९७ वर थांबतो आणि त्याचा एचपी १८४ असतो. ०-१५-१५ चा अझुमारिल लेव्हल ४५.५ ला १४९९ वर पोहोचतो आणि त्याचा एचपी १९६ होतो, डिफेन्सही सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढते. त्यासाठी एक्सएल कँडी (वरच्या लेव्हलच्या पॉवर-अपसाठी लागणारी खास कँडी) भरपूर लागते हे खरे, पण त्याच्या अंकांची बेरीज ३० असल्याने अप्रेझलमध्ये त्याला दोनच तारे मिळतात, म्हणजे संदेशाप्रमाणे तो ट्रान्सफरच्या यादीत जातो.

रेडसाठीही तारे अंतिम नाहीत. शॅडो पोकेमॉनचा अटॅक १.२ पट असतो, म्हणून छुपा अटॅक शून्य असलेल्या शॅडो म्यूटूचा ३०० हा मूळ अटॅक ३६० इतका प्रभावी ठरतो, तर चार ताऱ्यांच्या साध्या म्यूटूचा ३१५ वरच राहतो. शॅडोला मारही तेवढाच जास्त बसतो, तरी चटकन रेड संपवायची असेल तर हा कमी ताऱ्यांचा शॅडो म्यूटू पुढे उभा करावा आणि केवळ तारे वाढवण्यासाठी त्याला प्युरिफाय करू नये.