'सायमीज ड्रीम' एकट्या कॉर्गनचा? ड्रम ऐका, मग बोला

स्मॅशिंग पम्पकिन्स या अमेरिकन रॉक बँडच्या 'सायमीज ड्रीम' अल्बमचा (१९९३) विषय निघाला की कुणीतरी हटकून पिल्लू सोडतंच, "तो बँडचा अल्बम कुठाय? सगळं त्यांचा गायक-गिटारिस्ट बिली कॉर्गननेच वाजवलंय." गोष्ट जुनी आणि बरीचशी खरी. जेम्स इहाची गिटार आणि डार्सीचा बेस यांतलं बहुतेक काम कॉर्गनने स्वतःच उरकलं. तरी मी याला त्याचा सोलो अल्बम म्हणणार नाही. कारण बँडचा ड्रमर जिमी चेंबरलिन.

तेव्हाची परिस्थिती आठवा. निर्माता बुच विग. त्याच्याच हातचं 'निर्वाणा' बँडचं 'नेव्हरमाइंड' १९९१ मध्ये गाजलेलं, म्हणजे आता नंबर यांचा, असा सगळीकडून दबाव. कॉर्गन खोल नैराश्यात, इहा आणि डार्सीचं प्रेमप्रकरण संपलेलं, चेंबरलिन हेरॉइनच्या नादी. चेंबरलिनच्या शिकागोतल्या नशेच्या ओळखी तुटाव्यात म्हणून मंडळी जॉर्जियातल्या मॅरिएटा गावी जाऊन बसली. पठ्ठ्या तिथूनही गायब व्हायचा! बजेट अडीच लाख डॉलरनी वर गेलं. रेकॉर्डिंग टेपवर, आणि 'सोमा' या एका गाण्यात एकावर एक वाजवलेले गिटारचे ४० च्या आसपास थर. हा हट्ट नव्हे, झपाटलेपण आहे, आणि मला ते भयंकर आवडतं.

पण हेडफोन लावून 'चेरब रॉक' सुरू करा. आधी स्नेअर ड्रमचा रोल, मग एकटी गिटार, हळूहळू बाकीचे येतात आणि मग फझचा, म्हणजे फाटक्या-घरघरत्या गिटारचा, लोंढा अंगावर. एवढ्या गदारोळातही ड्रमचा ठोका न् ठोका सुटा ऐकू येतो. 'गीक यू.एस.ए.'मध्ये तर हा गडी गिटारला दम घेऊ देत नाही. हातात जॅझ मुरल्याशिवाय असले फिल्स (तालामधल्या जागा भरणारे छोटे तुकडे) निघत नाहीत. गिटार नि बेस कॉर्गनने स्वतः वाजवले, पण ड्रमच्या स्टुलावर बसायची त्याची टाप नव्हती.

१९९६ मध्ये चेंबरलिनला काढलं. १९९८ च्या 'अडोर'वर ड्रम मशीन आणि पाहुणे ड्रमर. अल्बम वाईट नाही, पण हा तोच बँड असं नाव वाचल्याशिवाय पटकन ओळखता येत नाही.

आता कुणी याच अल्बममधलं 'डिसआर्म' पुढे करेल. व्हायोलिन, चेलो, घंटा, सगळं आहे, शिवाय बीबीसीने 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात येऊ दिलं नाही म्हणून वलयही. मी ते बहुतेक वेळा गाळूनच पुढे जातो. काय शिव्या घालायच्या त्या घाला.