टीबीचा डाग, सीटी स्कोअर आणि तो फॉरवर्ड

परत फिरायला लागलाय तो मेसेज, मला दोन ग्रुपवर आला. दावे तीन: एक्सरेवर डाग आहे तोवर टीबी आहे, गोळ्या थांबवू नका. एक्सरे क्लिअर तर टीबी नाहीच. आणि एक्सरेत काय कळतंय, दर दोन महिन्यांनी सीटी काढून २५ पैकी स्कोअर बघा. (एक्सरेत काही कळत नाही तर पहिल्या दोन गोष्टी कशावरून ठरवल्या?)

डागाचं आधी, कारण यात माणसं उगाच भरडली जातात. आमच्या मामांचा सहा महिन्यांचा कोर्स झाला, बेडका निगेटिव्ह, वजन वाढलेलं, तरी एका डॉक्टरने नुसती फिल्म बघून गोळ्या लांबवल्या, मामी बिचारी परत ताटवाटी वेगळी ठेवायला लागली. अहो, टीबी बरा होताना तो भाग आकसतो, व्रण पडतो, कधी कॅल्शियम साठतं आणि ते जन्मभर दिसू शकतं. पावसाळा सरला तरी भिंतीवर ओलीचा डाग राहतोच ना, छप्पर अजून गळतंय का ते त्यावरून कसं कळणार? जंतू जिवंत आहेत का हे बेडक्याच्या कल्चरवरून (म्हणजे बेडक्यातले जंतू लॅबमध्ये वाढतात का ते बघून) कळतं. सीबीनॅट ही जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणीही यासाठी चालत नाही, ती मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा पकडते. आणि बेडका म्हणजे छातीतून खोकून काढलेला, लाळ देऊन आलात तर निगेटिव्ह येण्याला काही अर्थ नाही.

डाग अगदीच निरुपद्रवी असतो असंही नाही हं, जुन्या कॅव्हिटीत (टीबीने फुप्फुसात पडलेल्या पोकळीत) बुरशीचा गोळा होऊन खोकल्यातून रक्त पडू शकतं, तसं झालं तर लगेच दाखवा.

क्लिअर एक्सरेचं म्हणाल तर एक्सरे कामाचा आहेच, २०१९–२१ च्या भारताच्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात एक्सरे नसता तर ४२.६ टक्के केसेस सुटल्या असत्या. पण एचआयव्ही असलेल्यांत फुप्फुसाचा टीबी असून एक्सरे नॉर्मल येऊ शकतो, आणि मानेच्या गाठीचा टीबी छातीच्या फिल्मवर दिसेल कसा?

राहिला २५ चा स्कोअर. तो कोविडचा, फुप्फुसांचे पाच भाग (लोब), प्रत्येकी पाच मार्क. टीबीत नुसतं किती फुप्फुस व्यापलंय एवढ्यावर भागत नाही, कॅव्हिटी आहे का हे फार महत्त्वाचं, कारण जंतूंची खाण तिथेच असते. टीबीसाठी टिमिका नावाचा स्कोअर आहे, तो साध्या एक्सरेवरच काढतात: व्यापलेल्या भागाचे टक्के, अधिक कॅव्हिटी असेल तर सरळ ४०. अमेरिकन गाइडलाइनमध्ये तर सुरुवातीला कॅव्हिटी आणि दोन महिन्यांनीही कल्चर पॉझिटिव्ह असं असेल तर उपचार ९ महिन्यांपर्यंत नेतात, म्हणजे फिल्म आणि बेडका दोन्ही मिळून. सीटी लागतो कधीकधी, निदान अडलं किंवा रक्त पडतंय तेव्हा, पण एका सीटीचं रेडिएशन एक्सरेच्या कितीतरी पट, दर दोन महिन्यांनी कशाला?

कोर्स संपल्यावरचा एक्सरे मात्र जपून ठेवा. पुढे कधी खोकला लागला तर डाग जुनाच आहे की नवा, हे त्याच्याशी ताडूनच कळतं. आमच्या मामांची फिल्म गादीखाली चिकटून गेली, आता दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं.