कार्बाइड, चुना आणि डोळा

३१ डिसेंबरला नेदरलँड्सच्या ड्रेन्थ प्रांतात शेतांतून दुधाचे जुने लोखंडी कॅन आडवे मांडलेले दिसतात. आत कार्बाइडचे खडे, त्यावर थोडं पाणी, तोंडाशी दाबून बसवलेला फुटबॉल. मागच्या भोकाशी लांब दांडीचा पलिता नेला की छाती हादरवणारा बार! समोर मोकळं रान, माणसं मागे दोरीपलीकडे. मी राहते त्या या देशात ही परंपरा वारसा म्हणून नोंदलेली आहे.

२०२५च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या मुलांनीही हेच केलं, पण प्लास्टिकच्या पाइपात आणि हातात धरून. बार झाला नाही म्हणून काहींनी नळीत डोकावून पाहिलं, आणि तेवढ्यात तो झाला. शंभरावर जणांचे डोळे जखमी झाले, काही मुलांची दृष्टी गेली. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि खाली उरतो तो चुना. म्हणजे डोळ्याला नुसता भाजल्याचा चटका नाही, वर चुन्याचा लेपसुद्धा. आम्लाने बुबुळाचा वरचा थर गोठतो आणि बहुधा तेच पुढे जायला अडतं. चुना मात्र आत खोल उतरत राहतो.

आपल्याकडे फटाक्यांचा विषय निघाला की दोनच गोष्टींवर भांडण: धूर आणि धर्म. 'आमचेच सण दिसतात का?' हे वाक्य मी इथेही ऐकलंय, शब्द डच होते एवढंच. तरी २०२५मध्ये इथल्या संसदेने सामान्य माणसाने फटाके उडवण्यावर बंदी घातली. त्यामागे नेत्रतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं लावलेला रेटा मोठा होता. फटाका न लावता नुसते बाजूला उभे असलेलेही जखमी होतात, हे ते दरवर्षी सांगत राहिले. मला हा मुद्दा पटतो. हवेचं प्रदूषण कुणाच्या वाट्याला किती येतं यावर वाद घालता येईल; शेजारच्या पोराच्या डोळ्यावर काय वाद घालणार? गंमत म्हणजे कार्बाइड त्या बंदीबाहेर राहिलं. ते नगरपालिकांच्या नियमांवर सोडलंय.

पण इकडचं सगळं गोडच आहे असं नाही. इथे थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाता येत नाही. आधी फॅमिली डॉक्टरला फोन, मग चिठ्ठी. आमच्या तालुक्याच्या गावी डोळ्यांचे डॉक्टर वरच्या मजल्यावरच राहतात. उसाचं पातं लागलेल्या काकांना त्यांनी रात्री अकराला तपासलं होतं. (त्याआधी दोन दिवस काका डोळ्यात मध घालत होते, ते सोडा.)

इथल्या फॅमिली डॉक्टरकडे फोन उचलणारी बाई एक गोष्ट मात्र पक्की शिकवते. नवऱ्याच्या डोळ्यात मोरी साफ करायचं औषध उडालं, तेव्हा पत्ता विचारायच्या आधी तिने त्याला नळाखाली उभं केलं. निदान वीस मिनिटं, पापण्या उघड्या धरून.

पुढे वर्षभराने गावाहून दादाचा फोन आला. त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने, माझ्या भाचीने, आमच्या आईच्या चंचीतली चुन्याची पुडी दाबली होती आणि ती फुटून थेट डोळ्यात गेली. आई पदराचा बोळा करून फुंकर घालत होती, दादा गाडी काढत होता.

"आधी नळाखाली धर तिला!" मी ओरडले.

"नळाला पाणी चारला येतं."

"मग हंड्यातलं ओत."

मागून आई म्हणाली, "अरे, प्यायचं आहे ते!" दादाने दोन हंडे रिते केले, मगच गाडी काढली. डोळा वाचला. बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका राहिलाय, आणि चंची आता फडताळात वरच्या फळीवर असते.