कसाबच्या बिर्याणीचा खुलासा

२६ नोव्हेंबर, म्हणजे २००८ च्या मुंबई हल्ल्याचा दिवस, जवळ आला की त्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या दहशतवादी कसाबबद्दलचा तो मजकूर फिरू लागतो: 'कसाबला सरकारने चार वर्षं तुरुंगात बिर्याणी खाऊ घातली. खटला कशाला, तिथेच गोळी घालायची!'

बिर्याणीची गोष्ट खोटी आहे, आणि हे सांगितलं खुद्द विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी. राखीपौर्णिमेच्या दिवशी कोर्टात कसाबचे डोळे पाणावल्याच्या बातम्या चालल्या, सहानुभूतीची हवा तयार होऊ लागली. ती मोडायला आपण मटण बिर्याणीची गोष्ट रचली, अशी कबुली त्यांनी २०१५ मध्ये जयपूरला जाहीरपणे दिली. पण गोष्ट एव्हाना घराघरात पोचली होती. अजूनही आहेच.

आता गोळीचं. पोलीस तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल घट्ट धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून हा एक जिवंत सापडला. त्याच्या जबाबातून आणि खटल्यातल्या पुराव्यातून कटाचे धागे पाकिस्तानपर्यंत जोडता आले. मेला असता तर पाकिस्तानला हात वर करणं किती सोपं झालं असतं!

खटला रेंगाळला म्हणावं, तर आपल्याकडच्या मानाने तो झपाट्यानेच झाला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलबजावणी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, हे मात्र त्या मजकुरात कधीच नसतं.