भिंत चांगली, पण सांडवा नाही

गेल्या शनिवारपासून घरात मला ‘भिंत’ म्हणतात. द्रविडला म्हणायचे तसं नाही. तसं असतं तर हा लेख लिहिलाच नसता.

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाकडे उन्हाळ्यात आई-बाबा आले, की कुलदैवताला जावं तसं नायगऱ्याला जावं लागतं. माझी ही पाचवी वारी. सात तास गाडी, मागच्या सीटवर थालीपिठं, वाटेत कॉर्निंगचं काचेचं म्युझियम, दर टोलनाक्याला बाबांचं ‘आता किती कापले?’ हे सगळं तुम्हाला पाठ आहे, सोडून देतो. यंदा मला धबधबा पुन्हा बघवेना. म्हणून मी जेट बोटीची तिकिटं काढली, माझं आणि बायकोचं. धबधब्याच्या खाली नदी एका खोल घळईत शिरते आणि तिथे तिचा जो खळखळाट चालतो, त्यातून ही बोट उलटी वर चढते. लुइस्टनच्या धक्क्यावरून निघायचं. समोरच्या काठावर कॅनडा. आई-बाबांच्या व्हिसावर तिथे जाता येत नाही. त्यामुळे आई त्या काठाकडे, सोसायटीनं कुलूप लावलेल्या गच्चीकडे बघावं तशी बघत होती.

धक्क्यावर विशीतला एक पोरगा माणसं बसवत होता. टेम्पोत सामान भरणाऱ्याची नजर असते ना, तीच. मी कडेची जागा पकडली होती. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा बोटीकडे पाहिलं आणि हसतमुखानं म्हणाला, ‘बिग गाय, मिडल प्लीज.’ मराठी माणसाला यातला अपमान दुप्पट लागतो.

मी ब्याण्णव किलोचा आहे, नाही म्हणत नाही. पण ज्या गावात दूध आणायला गाडी काढावी लागते, जिथे फूटपाथ दोन घरं सोबत करून तिसऱ्यापाशी संपतो, जिथे पायी चाललेला माणूस दिसला तर गाडी थांबवून ‘सगळं ठीक आहे ना?’ विचारतात, तिथे बारा वर्षं बसून काढल्यावर या ब्याण्णवातले माझे किती आणि टाउनशिपचे किती, याचा हिशोब एकदा कुणीतरी करायला हवा. असो. मधे सरकलो.

तेवढ्यात मागून मराठी आलं.

‘तुमच्या मागे बसतो हं. आडोसा चांगला आहे.’

सत्तरी ओलांडलेले काका. डोक्यावर पांढरी क्रिकेटची टोपी, अंगात पोंचो, त्यावर लाइफ जॅकेट, आणि हातात दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली वही. पट्टे आवळेपर्यंत मला कळलं होतं, की ते पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले, सिंहगड रस्त्याला राहतात, मुलगा बफेलोत आहे आणि सूनबाई घाबरट असल्यामुळे ते एकटेच बोटीत आले आहेत.

‘किती क्युसेक असेल हो?’

‘काय?’

‘विसर्ग. सेकंदाला किती घनफूट पाणी.’

मी खांदे उडवले. लाइफ जॅकेटमध्ये तेवढंच हलतं. काकांना उत्तर नकोच होतं. ‘दिवसा एक लाख. करारच आहे, १९५० चा. सीझनमध्ये दिवसभर धबधब्यावर लाखाच्या खाली जायचं नाही. रात्री निम्मं. हिवाळ्यात दिवसासुद्धा निम्मं. बाकीचं दोन्ही देश वरच्या वर विजेला वळवतात.’

‘म्हणजे नळ आहे?’

‘नळच! तुमच्यासारख्यांना दाखवायला सोडतात. आपल्याकडे खडकवासल्यातून तीस हजार सोडलं की भिडे पूल जातो. इथे लाख सोडून तिकिटं विकतात.’

पाच वाऱ्या केलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, ते लिहीत नाही. निदान अर्ध्या पाण्याला अर्धं पार्किंग तरी ठेवा.

बोट सुटली. दोन्ही कड्यांना टेकून दोन अजस्र वीजकेंद्रं दिसू लागली, अमेरिकेचं रॉबर्ट मोझेस आणि कॅनडाचं सर ॲडम बेक. गाइड मुलीनं सांगितलं, की अमेरिकेचं १९६१ मध्ये सुरू झालं. मागून माझ्या खांद्यावर थाप पडली. ‘एकसष्ट! ऐकलंत? ह्यांचं चालू झालं आणि त्याच वर्षी आपलं पानशेत फुटलं.’ स्वर असा, की बारा जुलैच्या पहाटे पानशेतवर पहारा माझाच होता.

मग बोटीची माहिती. हिला खाली पंखा नसतो. ती पोटाखालचं पाणी ओढून मागच्या तोंडातून जोरात फेकते. तोंड वळवलं, की बोट वळते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन नावाच्या शेतकऱ्यानं १९५० च्या दशकात, तिकडच्या उथळ नद्यांसाठी ही युक्ती बसवली.

‘म्हणजे शेतीपंपच,’ काका म्हणाले आणि वहीत टिपून घेतलं.

शेतीपंपानं जागच्या जागी गिरकी घेतली. माझं पोट कॅनडात गेलं, व्हिसाशिवाय. ते परत येतंय तोवर गाइडनं कॅप्टन मॅथ्यू वेबची गोष्ट काढली. इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहून जाणारा हा माणूस, १८७५ साली. पुढे १८८३ मध्ये याच घळईत पोहायला उतरला आणि बुडाला. ही गोष्ट सांगायची ही जागा आहे का? विमानात कुणी अपघातांची यादी वाचून दाखवतं का?

‘परवानगी घेतली होती का त्यानं?’ काकांनी मला विचारलं.

त्यानंतर डेव्हिल्स होल. लांबून ते पांढरं उकळतं पाणी बरं दिसतं. जवळ गेल्यावर त्याच्या भिंती होतात, हिरव्या, चकचकीत, आणि बोट त्यांच्यावर नाक आपटते. पहिली लाट सगळ्यांच्या डोक्यावर येते असा माझा समज होता. ती माझ्या छातीवर आली. दुसरी कॉलरमधून शिरून पँटच्या पट्ट्यापर्यंत गेली आणि तिथे थांबून विचार करू लागली. तिसरी मी गिळली, कारण मी ओरडत होतो. बायको शेजारी हसत होती. आणि मागून, प्रत्येक लाटेनंतर, कोरड्या घशातला कोरडा आवाज: ‘थोडं डावीकडे व्हा. तिकडून गळती आहे.’

मी झालो हो डावीकडे! याचाच मला अजून राग येतो. समोरून लाख क्युसेक येत असताना वडीलधारं माणूस ‘सरका’ म्हणालं आणि माझा खांदा आपोआप सरकला. चाळिशी उलटलेला, घराचे हप्ते भरणारा माणूस आहे मी.

पुढे बोट मोठ्या भोवऱ्याच्या तोंडाशी जाऊन जरा थांबली. नदी इथे काटकोनात वळते आणि वळण्याआधी गरगर फिरते. काकांनी हातातल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. ‘उलटा फिरतोय. वर पाणी जास्त वळवलं, की सुलट फिरतो म्हणे.’ मी चष्मा पुसायला कोरडी जागा शोधत होतो. सापडली ती काकांच्या टोपीवर.

धक्क्यावर उतरलो. माझ्या बुटांतून नायगरा वाहत होता. काकांच्या वहीची पिशवीसुद्धा धड भिजली नव्हती. त्यांनी मला पुढून-मागून न्याहाळलं, हस्तांतरणाआधी काम तपासावं तसं.

‘भिंत चांगली आहे. पण सांडवा नाही हो. सगळं अंगावर घेता. थोडं बाजूनं सोडायचं असतं.’

हे बायकोनं ऐकलं. बायकोनं आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘जाऊ दे रे, म्हाताऱ्या माणसाला आडोसा झाला.’ तोवर बाकावर आईचं आणि काकूंचं सदाशिव पेठेतलं नातं निघालं होतं आणि नंबरांची देवाणघेवाण झाली होती.

बोटीतला फोटो तिथे विकत मिळतो. किंमत पाहून मी घेतला नाही. काकांनी घेतला. काल तो आईच्या फोनवर आला, खाली ओळ: ‘नायगरा नदी, विसर्ग १ लाख क्युसेक.’ फोटोत टोपी घातलेले कोरडे काका प्रसन्न हसतायत. पुढचा भाग त्यांनी कापलाय. माझा एक कान तेवढा राहिलाय.