एक बटण, पाच पाळ्या

आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बटणांशी जुनं वैर आहे. टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंदचं बटण आणि आवाजाची दोन एवढी सोडून बाकी सगळ्यांवर त्यांनी चिकटपट्टी मारून घेतली आहे. त्यामुळे आमच्या घरी गेली कित्येक वर्षं एकच चॅनेल दिसतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या कॉटपाशी बेल बसवायचं ठरलं, तेव्हा अट आलीच. "बटण एकच पाहिजे. दुसरं दिसलं तर गॅलरीतून खाली टाकीन."

आधी नुसती बेल लावून बघितली. ती वाजली म्हणून पाणी घेऊन जावं तर त्यांना चहा हवा असायचा, चहा टाकावा तर गोळी. हाक मारा म्हणावं तर मिलच्या यंत्रांवर आवाज चढवण्यात हयात गेलेली. आप्पांना एरंडेल हवंय हे अख्ख्या जुळे सोलापूरला कळायचं.

शेवटी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा भाचा म्हणाला, "मामी, सोपंय. बटण एकच, पण दर दाबाला पुढचा आवाज. आवाजावरून कळेल आजोबांना काय पाहिजे ते."

इंजिनिअरिंगच्या पोरांनी 'सोपंय' म्हटलं की मी हल्ली गॅसवरचं दूध आधी उतरवून ठेवते.

आवाज कुठले ठेवायचे यावर घरात रीतसर बैठक झाली. पाण्याला देवघरातली घंटा, यावर एकमत. चहाला आप्पांनी मिलचा भोंगा मागितला. 1877 साली सोलापुरात जुनी मिल उभी राहिली, मग एकेक वाढत गेल्या आणि गावाची घड्याळं भोंग्यावर लागू लागली. पुढे मिल बंद पडल्या, भोंगे गेले, आप्पांची चहाची वेळ तेवढी शाबूत आहे. भाच्यानं कुठूनसा एक भोंगा पैदा केला. आप्पांनी तो डोळे मिटून ऐकला आणि "आपल्या मिलचा नव्हे, पण चालेल" असा दाखला दिला. गोळ्यांसाठी यंत्रमागाची खटखट. ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून मोबाइलवर टिपून आणली. आणि 'मला उठवून बसवा' यासाठी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीतला गजर : "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!"

सामान फार नव्हतं. एक आर्डुइनो (प्रोग्रॅम भरता येणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी), मेमरी कार्ड बसणारा बोटभर एमपीथ्री प्लेअर, स्पीकर आणि चार पायांचं एक पुश बटण. हा आर्डुइनो 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावी जन्मला आणि तिथल्या एका बारवरून त्याचं नाव पडलं, हे भाच्यानं हौसेनं सांगितलं. झालं. गुत्त्याच्या नावाची वस्तू देवघराच्या भिंतीला लागून ठेवायची नाही, असा हुकूम सुटला आणि वायर तीन फूट वाढवावी लागली.

प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत गणित शिकवते आणि भाच्याची सबमिशन्स होती. गणित तसं चौथीतलं. दर दाबाला आकडा एकानं वाढवायचा, चारनं भागायचं, बाकी उरेल तो आवाज लावायचा. शून्य, एक, दोन, तीन, की पुन्हा शून्य. वर्गातल्या पोरांना हे समजवताना माझा घसा बसतो. आप्पांना मात्र एका वाक्यात समजलं. "म्हणजे पाळ्या की! पहिली, दुसरी, तिसरी, परत पहिली. त्यात काय भागाकार करायलीस?"

पहिल्या रात्री भोंगा आपोआप वाजला. रात्रीचा दीड. बटणाला कुणाचा हातही लागलेला नव्हता. मी धावत गेले तर आप्पा कॉटवर उठून बसलेले (ऑपरेशननंतर हे त्यांनी प्रथमच कुणाच्या मदतीशिवाय केलं), डोळे मिटलेले, आणि चाचपत विचारतात, "डबा भरला का?" त्यांना तिसऱ्या पाळीवरून परत आणायला बराच वेळ लागला. दोष बटणाचा नव्हता. बटण सुटलेलं असताना पिन, म्हणजे बटणाचा निरोप घेणारा आर्डुइनोवरच्या चिपचा पाय, कशालाच जोडलेली नसते, लोंबकळत असते, आणि पंख्याच्या वायरीतल्या पन्नास हर्ट्झच्या गुणगुणीलाही ती दाब समजते. चिपच्या आतच वीस ते पन्नास किलोओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा रोध, असतो. तो जोडून घेतला की पिन पाच व्होल्टला बांधली जाते आणि गप्प बसते. मात्र मग सगळं उलटं होतं : बटण सुटलेलं असलं की एक, दाबलं की शून्य. आप्पांना हे अजिबात रुचलं नाही. काम केल्यावर शून्य आणि न करता एक, हे त्यांनी फक्त युनियनच्या एका पुढाऱ्याच्या बाबतीत पाहिलं होतं.

मग नवीनच सुरू झालं. आप्पा एकदा दाबायचे, पाण्यासाठी, वाजायचा माग. पुन्हा दाबावं तर गजर टाळून थेट भोंगा. आत काय होतं, की बटणातला धातूचा पत्रा एकदा टेकून स्वस्थ राहत नाही. काही मिलिसेकंद थरथरतो, टेकतो, उडतो, परत टेकतो. माणसाला पत्ताही लागत नाही. पण ही चिप सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोक्यांनी चालते. पाच मिलिसेकंदांची थरथर म्हणजे तिच्या लेखी ऐंशी हजार ठोके; तेवढ्यात तिनं एका दाबाचे तीन मोजले तर तिला काय बोलणार? उपाय असा, की पहिल्या टेकण्यानंतर पन्नास मिलिसेकंद तिनं कान बंद करून बसायचं. माझ्या सासूबाई हेच चाळीस वर्षं करत होत्या.

तरी आप्पांच्या अंगठ्याचा हिशेब राहिलाच होता. ते बटण दाबत नाहीत, माग थांबवायचा दांडा ओढावा तसं धरून ठेवतात. प्रोग्रॅम विचारत होता 'बटण दाबलेलं आहे का?', आणि उत्तर सारखं 'आहे, आहे' येत होतं. घंटा, भोंगा, माग आणि हर्र यांचा जो काही काला झाला तो ऐकून शेजारच्या अक्का हळदीकुंकवाचं ताट घेऊनच आल्या. त्यांना वाटलं आमच्याकडे सत्यनारायण आहे आणि आम्ही बोलावलं नाही. त्यांना शेंगाचटणी-भाकरी खाऊ घालून पाठवलं आणि प्रोग्रॅमला आधीची स्थिती लक्षात ठेवायला लावली : मघाशी सुटलेलं होतं आणि आत्ता दाबलेलं आहे, तेवढाच क्षण धरायचा. नंतर तासभर अंगठा ठेवला तरी एकच.

मधल्या काळात वीज गेली की गाडी पुन्हा पाण्यावर यायची. म्हणून आकडा चिपच्या कायमच्या स्मृतीत लिहून ठेवायचं म्हटलं. एका जागी लाखभर वेळा लिहिता येतं, असं मी सांगितलं. आप्पांनी दिवसाला साठ दाब धरून तोंडी हिशेब केला. "साडेचार वर्षं. म्हणजे बहुतेक माझ्या आधी जाईल." आणि ते चिपकडे जरा मायेनं बघू लागले.

आता यंत्र बिनचूक चालू लागलं, आणि खरी पंचाईत तिथून झाली. एक बटण फक्त पुढे जातं. चहा पिऊन झाल्यावर पाणी हवं असेल तर मागावरून आणि यात्रेतूनच जावं लागतं. भर एप्रिलात आमच्याकडे दिवसातून कितीतरी वेळा गड्डा भरायचा आणि भिंतीपलीकडून अक्का न चुकता "हर्र!" म्हणायच्या. आवाज थांबून दोन सेकंद पुढचा दाब आला नाही तरच उठायचं, असं मी ठरवलं. पण भोंगा ऐकला की माझे यजमान सवयीनं चहाचं आधण ठेवतातच. त्यांना दोन सेकंद कोण समजावणार?

शिवाय मागे घ्यायची सोय नाही. दाबलं म्हणजे काहीतरी मागितलंच. चुकून धक्का लागला तरी कुणीतरी पेला घेऊन हजर. "मला काहीच नको, हे कसं सांगायचं?" आप्पांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. चारनं भागायचं ते पाचनं भागलं आणि पाचवी पाळी सुट्टीची केली : आवाजच नाही.

त्यावर आप्पांची तक्रार आली, की काहीच वाजलं नाही तर आपण सुट्टीवर आहोत की यंत्र बिघडलंय हे कळायचं कसं? म्हणून सुट्टीत पेटणारा एक बारीक हिरवा दिवा बसवला. तो रात्री छान दिसतो. पण सोलापूरचं दुपारचं ऊन खिडकीतून थेट त्याच्यावर येतं आणि दिवा पेटलाय की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आप्पा वाकतात, चष्मा वर करतात, खाली करतात, आणि मग खात्री करून घ्यायला म्हणून बटण दाबतात.

सुट्टीनंतर पाण्याचा नंबर. घंटा वाजते, मी पेला घेऊन जाते. "मी कुठं मागितलं?" म्हणतात आणि बाहेरच्या बेचाळीस डिग्रीकडे बघून सगळं पितात.