‘हेड घासा, पॉवर वाढवा’ : हिशेब करून पाहू

सध्या गावोगावच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: जुन्या 1300 सीसी मारुतीचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) दीड मिलिमीटर घासा, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 9 वरून साडेदहावर जाईल, पॉवर अन् ॲव्हरेज वीस टक्के वाढेल, ई20 (वीस टक्के इथेनॉल) पेट्रोलचं ऑक्टेन 95 असल्यामुळे नॉकिंगचं (मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटण्याचं) टेन्शनच नाही, अन् नॉक झालंच तर डबल गॅस्केट लावा.

‘वीस टक्के.’ 9 वरून साडेदहावर गेल्यास आदर्श गणितातही फायदा निघतो जेमतेम 4 टक्के. 80 एचपीवर तीन एचपी. ज्यांना खरंच वीस टक्के मिळाले, त्यांनी सोबत कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर यांपैकी काहीतरी बदललेलं असतं.

‘दीड मिलिमीटर.’ कुणाच्या हेडचं? 74 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), 75.5 स्ट्रोक (पिस्टनची धाव) म्हणजे एका सिलिंडरला 325 सीसी. 9 साठी वर 40.6 सीसी जागा लागते, साडेदहासाठी 34.2. कमी करायचे 6.4 सीसी. चेंबरचं (हेडमधल्या ज्वलनाच्या पोकळीचं) तोंड पूर्ण बोअरएवढं असेल तरच ते दीड मिलिमीटरमध्ये बसतं. तोंड सहसा लहान असतं, त्यामुळे फरक कमी पडतो. उलट हेड तापून आधी एकदा फेसिंग (सपाट करायला घासणं) झालं असेल, तर कॉम्प्रेशन आधीच वाढलेलं असतं. म्हणून आधी मोजा. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटं ठेवा, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवा आणि सिरिंजने पातळ तेल भरा; जेवढं मावलं तेवढे चेंबरचे सीसी. गॅस्केटचं भोक, पिस्टनची वाटी अन् डेकची जागा (वर आलेला पिस्टन आणि ब्लॉकचा माथा यांतली) वेगळी धरायची.

हेड खाली आलं की बेल्टवरचा कॅम थोडा मागे पडतो, व्हॉल्व्हही पिस्टनजवळ येतात. पिस्टनवर प्लॅस्टिसिन (मऊ खेळमाती) ठेवा, हेड जुन्या गॅस्केटवर कसा, बेल्ट चढवा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, मग काप घेऊन जाडी बघा. इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिलिमीटरपेक्षा कमी नको.

‘ई20 ला ऑक्टेन 95.’ ऑक्टेन म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद. इथवर खरं. पण ते पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर पातळ (हवा जास्त, इंधन कमी) चालतं, अन् पातळ मिश्रण तापतं. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल पाण्यासोबत तळाला बसतं. वरच्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरतं. तालुक्याच्या पंपावर 100 ऑक्टेनची आशा ठेवू नका. बूस्टरच्या बाटलीवरचे ‘30 पॉइंट’ म्हणजे बहुधा फक्त 3 ऑक्टेन. मे महिन्यात चंद्रपूरला 45 अंश, गाडीत पाच माणसं, एसी चालू, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारावर पूर्ण ॲक्सिलरेटर. नॉकिंग तिथेच पकडतं. मग मिस्त्री टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो अन् ते चार टक्के गेले.

‘नॉक झालं तर डबल गॅस्केट.’ हा सगळ्यात वाईट उपाय. पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातली फट साधारण एक मिलिमीटर असली की मिश्रण घुसळतं, नॉकिंग टळतं. फट वाढवली की कॉम्प्रेशन उतरतं, पण नॉकिंग हवं तेवढं उतरत नाही.

नव्या गाड्यांत 12-13 कॉम्प्रेशन चालतं, कारण तिथे नॉक सेन्सर आणि क्षणात टायमिंग मागे घेणारा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असतो.

स्टँडर्ड कॅम आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा जुना भाग) असेल, तर आमच्या मते साडेनऊवर थांबावं. ट्यून करता येणारा ईसीयू असेल तर 10. जोडणी झाल्यावर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून प्लग काढा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले, तर नॉकिंग होतंय; चकाकते दिसले, तर पिस्टनचं ॲल्युमिनियम निघायला लागलं आहे. टायमिंग चार अंश मागे घेऊनच घाट उतरा.